पितृपक्षातला मेटल अल्बम

मंडपाच्या धंद्यात वर्षातून एकच पंधरवडा असा येतो, की सगळं सामान घरी असतं. पितृपक्ष. गणपती गेलेले असतात, घट बसायचे असतात आणि लग्नाचं नाव कोणी काढत नाही. गाद्या, सतरंज्या, कनाती, पडदे, वर-वधूच्या मखमली खुर्च्या, सगळं महाडच्या आमच्या गोडाऊनला परत येतं. मी यादी घेऊन बसते. काय फाटलं, कशावर कोणी पान थुंकलं, कुठली सतरंजी कुठल्या मंडळाने स्वतःची समजून ठेवून घेतली. वर्षातला माझा सगळ्यात आवडता पंधरवडा.

त्या वर्षी तो माझ्या धाकट्या भावाने मागून घेतला. अल्बम काढायला.

भाऊ औद्योगिक वसाहतीत एका केमिकल कंपनीत शिफ्ट इनचार्ज आहे. शिवाय तो पॉवर मेटल बँडमध्ये गिटार वाजवतो. ही दोन वाक्यं मी एका दमात बोलत नाही, लोकांना दुसरं पहिल्याचा परिणाम वाटतो. पॉवर मेटल म्हणजे काय ते सांगते, कारण मलाही कोणीतरी सांगावं लागलं होतं. गिटार धावते. ड्रम तिच्या पाठीमागे कुत्रं लागल्यासारखे धावतात. कीबोर्ड वर आभाळ भरून आल्यासारखा वाजत राहतो. आणि गायक इतक्या वरच्या पट्टीत गातो की शेजारच्या बायका जिना चढून विचारायला येतात, कोणाचं काही झालं का? गाण्यांत तलवारी असतात, गरुड असतात, वादळं आणि आग असते. या गाण्यांतला माणूस कधी भाजी आणायला जात नाही.

बँडचं नाव सांगत नाही. त्यात एक पक्षी आहे आणि एक हत्यार, एवढं पुरे.

बँडमध्ये भाऊ, ड्रमवाला आणि कीबोर्डवाला. ड्रमवाल्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान. कीबोर्डवाला नात्याचा, लग्नाच्या हंगामात बेंजो पार्टीत वाजवतो, आणि त्याच्या मेटलमध्ये मधूनच हळदीचं गाणं डोकावतं. बास गिटार भाऊ मागाहून स्वतःच भरतो. राहिला गायक. पहिल्या अल्बमला होता तो आमच्याच आळीतला मुलगा, इंग्रजीत गाणारा, दिसायला बरा. तो अल्बम इंटरनेटवर चढवला, तेव्हा खाली कोणीतरी लिहिलं की गायकाचा आवाज एसटीच्या दारात बोट सापडल्यासारखा आहे. त्याने ते इतकं मनाला लावून घेतलं की पुण्याला नोकरी लागल्यावर बँडच्या ग्रुपवर हात जोडल्याचं चित्र टाकलं आणि ग्रुप सोडला. त्यावर बरेच दिवस कोणी काही लिहिलं नाही. मग ड्रमवाल्याने अंगठा टाकला.

नवा गायक भावाला कंपनीच्या बसमध्ये सापडला.

भावाची सासुरवाडी पोलादपूरची. तिथून तो एकदा पहिल्या पाळीच्या बसने कामावर येत होता. एका वळणावर समोरून ट्रक आला आणि मागे घ्यायला तयार होईना. आमच्याकडचा दुसरा कोणी ड्रायव्हर असता तर त्याने ट्रकवाल्याच्या घरच्यांची चौकशी केली असती. याने खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं आणि गायला लागला. ट्रकची पाटी, ट्रकचे टायर, ट्रकवाल्याची मिशी, सगळं चालीत बसवून. आणि शेवटचा सूर असा धरला की ट्रक मागे जाऊन, बस पुढे निघून, वळण संपेपर्यंत तो सुरूच होता. बसमधली निम्मी माणसं झोपलेली होती, ती झोपलेलीच राहिली, त्यांना सवय होती. माझा भाऊ मात्र उभा राहिला.

हा ड्रायव्हर पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरावरच्या एका वाडीतला. घरी म्हशी, थोडी नाचणी. वय पन्नाशीच्या पुढे, केस मात्र मेंदीच्या पाकिटावरच्या चित्रासारखे काळेभोर. आणि तो शाहीर होता. आमच्याकडे शक्ती-तुरा चालतो. दोन पार्ट्या समोरासमोर येतात, एक शक्तीवाल्यांची, एक तुरेवाल्यांची. पोरं घुंगरू बांधून गोल नाचतात आणि मध्ये बसून एका बाजूचा शाहीर दुसऱ्याला गाण्यात सवाल टाकतो, टोमणे मारतो, अब्रू काढतो. दुसऱ्याने तिथल्या तिथे गाण्यात उत्तर द्यायचं. गावं उजाडेपर्यंत ऐकत बसतात. हा तुरेवाला. याच्यासमोर निम्मं आयुष्य एकच शक्तीवाला उभा राहिला होता, दरीच्या पलीकडच्या गावचा. दोघांनी एकमेकांना जे जे म्हणून घेतलं ते सांगायला सोय नाही. मग शक्तीवाल्याचे गुडघे गेले आणि मुलाने त्याला मुंबईकडे नेलं. त्यानंतर याला बोलावणं येईना. नव्या पोरांच्या पार्ट्या येतात, त्या तयार संगीतावर गातात आणि शेवटी दोन्ही शाहीर गळ्यात हात घालून फोटो काढतात.

भावाने विचारलं, आमच्या बँडमध्ये गाणार का? तो म्हणाला, "गाईन की. पन समोर कोन?"

भाऊ म्हणाला, "समोर माईक."

बाकी सगळं पुढे झालं ते या एका उत्तरामुळे.

आमचं गोडाऊन पुराच्या भीतीने दुकानाच्या वरच्या मजल्यावर आहे. पितृपक्षात गाद्या मोकळ्या असतात म्हणून भावाने त्या उभ्या करून चारी बाजूंनी भिंत केली, वरून कनात टाकली आणि आत माईक लावला. आवाज बाहेर जाऊ नये आणि बाहेरचा आत येऊ नये यासाठी. आई म्हणाली, पितृपक्षात नवीन काम कोण सुरू करतं रे? भाऊ म्हणाला, हे संगीत तसंही अशुभ गोष्टींबद्दल असतं. मी म्हटलं, घटस्थापनेच्या आदल्या दिवशी मला प्रत्येक गादी जागेवर हवी. त्यावर तो हो म्हणाला. तो नेहमीच हो म्हणतो.

पहिली पाळी कंपनीत सोडली की ती सुटेपर्यंत ड्रायव्हर मोकळा असे, आणि भावाने पंधरवडाभर रात्रपाळी मागून घेतली होती. बस आमच्या दुकानासमोर उभी करून तो वर यायचा, गाद्यांच्या त्या कोनाड्यात शिरायचा, कानाला हेडफोन लावायचा आणि भिंतीकडे तोंड करून गायचा.

आणि बेसूर गायचा. बेसूर म्हणजे अगदी चुकीचं नाही, पण मेलेलं. ज्या आवाजाने ट्रक मागे नेला होता, तो अर्धा जिना चढून बसकण मारायचा. ड्रमवाल्याने स्वतःच्या ड्रमवर संशय घेतला. कीबोर्डवाल्याने पट्टी उतरवून पाहिली. भावाला वाटलं, घसा. मग घशाची सेवा सुरू झाली. सुंठ, मध, ज्येष्ठमध, वाफ. ताक बंद. भजी बंद. भजी बंद केल्यावर शाहीर पहिल्यांदा नाराज झाला.

एका रविवारी सगळे सव गावी गेले, गरम पाण्याच्या झऱ्यांवर. घसा शेकायचा आणि त्याच फेरीत अल्बमचा फोटोही काढायचा, असा भावाचा बेत. वाफा निघतायत, वाफांतून चार योद्धे येतायत. चौघेही काळ्या शर्टात. भावाने माझी कनातीची काठी भाला म्हणून नेली होती, मला न विचारता. फोटो मी पाहिला आहे. वाफा आहेत. योद्धे आहेत. आणि त्यांच्यामधोमध, पंचा नेसलेले, गुडघे शेकत बसलेले एक आजोबा आहेत, जे या चौघांकडे अशा नजरेने बघतायत की जणू हेच त्यांच्या संधिवाताचं कारण. भावाने त्यांना दोनदा सरकायला सांगितलं म्हणे. ते म्हणाले, "मी आदी आलोय."

घसा शेकून आला तरी आवाज तिथेच. मग गाण्यांच्या शब्दांवरून सुरू झालं. शब्द भावाचे. आधी त्याने इंग्रजीत लिहिले होते, या गायकासाठी मराठीत आणले. मी खाली पडद्यांच्या घड्या घालत होते आणि वरचं सगळं ऐकू येत होतं.

"अग्नीच्या पंखांवर मी येतो, काळोखाचा राजा थरथरतो," शाहिराने वाचलं. "ह्यो काळोखाचा राजा कोन?"

"शत्रू आहे," भाऊ म्हणाला.

"गाव कुठलं त्याचं?"

"गाव कसलं? कल्पनेतला आहे तो."

"बरं. मंग तो उत्तर कवा देतो?"

"तो उत्तर देत नाही. तो हरतो."

"काय न बोलता?"

"हो."

कागद उलटल्याचा आवाज आला. मग शाहीर म्हणाला, "अरे, मंग त्यात आपन काय मारलं?"

दुसऱ्या दिवशी दुपारी तो जेवणाचा डबा घेऊन खाली माझ्या टेबलाशी बसला. वर तिघांची काहीतरी बैठक चालली होती. बैठक कशाबद्दल, ते त्यालाही कळत होतं आणि मलाही. ड्रमवाला गेले काही दिवस म्हणत होता की गायक मिळत नसेल तर बँड बंद करून टाकू, दिवाळीला दुकानात गर्दी असते. शाहिराने भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच हातात धरला.

"ताई, ह्ये बी गेलं तर मंग हॉर्न," तो म्हणाला. "हॉर्न वाजवतो दिवसभर, तेवढाच आता माझा आवाज."

मी लोणचं पुढे केलं.

जेवणानंतर थोड्या वेळाने नवरात्राच्या सामानाची यादी तपासताना मला नवी लाल सतरंजी सापडेना. देवीच्या मंडपात पुढे अंथरायची, त्या वर्षीच घेतलेली. शोधत वर गेले. सतरंजी गाद्यांच्या कोनाड्यात, माईकखाली. तिच्यावर शाहीर, बुटांसकट. बुटांना डिझेल आणि चिखल. गाणं चालू होतं, तो भिंतीकडे तोंड करून कोणा राजाला कंटाळवाण्या आवाजात धमक्या देत होता. मी कनात वर केली.

"ओ शाहीर! देवीची सतरंजी आहे ती. आवाज वर चढत नाही तर नाही, निदान चिखल तरी चढवू नका!"

तो वळला. एक हेडफोन कानावरून सरकला होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि मी शपथेवर सांगते, तो माणूस दोन इंच उंच झाला. गाणं वाजतच होतं. त्याने ते सोडलं नाही, त्याच चालीत, त्याच तालावर, फक्त राजाला बाजूला सारून, सुरू केलं,

"सतरंजीची मालकीन आली गो, चपलेला तिच्या शेन,
माझ्या बुटाची लाज काढते, आरशात बघंल कोन?"

आणि शेवटचं 'कोन' जे वर गेलं ते गेलंच. गाद्या थरथरल्या. कीबोर्डवाल्याचे हात थांबले. भाऊ हेडफोन दोन्ही हातांनी कानावर दाबून असा उभा होता की मला वाटलं याला शॉक लागला.

सूर संपला. शाहीर लगेच खाली वाकला, बूट काढले आणि म्हणाला, "माफ करा ताई. ध्यानात नाय आलं."

मी चप्पल पाहिली. खरंच शेण होतं.

कोणीही डोकं लावलं असतं तर आधीच कळलं असतं. या माणसाला एकटं गाता येत नव्हतं. त्याला समोर कोणीतरी हवं होतं, आणि तेही तोंडाळ. भावाने त्याला महाडमधल्या सगळ्यात मऊ भिंतीसमोर उभं केलं होतं. भिंत काढायला भाऊ तयार नव्हता, मग मीच आत गेले. खुर्च्यांच्या थप्प्या बांधलेल्या होत्या, मोकळ्या फक्त वर-वधूच्या दोन मखमली. त्यातली वधूची मी माईकपासून थोडी लांब ठेवली आणि बसले.

नियम असा ठरला की कडवं सुरू व्हायच्या आधी मी बोलायचं आणि मग तोंड मिटायचं. दुसरा भाग मला जड गेला. मी तयारीशिवाय कुठे जात नाही, तेव्हा रोज सकाळी गादीच्या हिशेबाशेजारी त्या दिवसाचे टोमणे लिहून ठेवायची.

"केस काळे केलेत, भिवयांना कळवायचं राहिलं का?"

तो तलवार उपसायचा.

"तुमच्या बसच्या आधी कंपनीचा भोंगा पोचतो म्हणतात!"

तो गरुडावर बसायचा.

"आमच्या मागच्या दारची म्हैस याहून वर ओरडते, तिला कोणी अल्बम काढून देत नाही!"

हे त्याला फार लागलं. त्या कडव्यात काळोखाचा राजा जागच्या जागी मेला. गाण्यातले शब्द भावाचेच राहिले, पण ते आता माझ्या अंगावर येत होते, आणि गाणं संपलं की स्वतःच्या शब्दांत तो मला वेगळं उत्तर द्यायचा. नवरी मांडवात यायच्या आधी ही गाद्या मोजते, वगैरे. त्या वेळी मी 'गो' असायची, 'तू' असायची. हेडफोन काढला की पुन्हा 'ताई, पानी मिळंल का?' एका गाण्यात माझं 'पुरे रे बाबा!' ध्वनिमुद्रित झालं आहे. भावाने ते काढलं नाही. म्हणाला, इफेक्ट चांगला आलाय.

शेवटचं एकच गाणं उरलं, सगळ्यात लांब, ज्याच्या शेवटी एक सूर असा धरायचा की खालून गिटार दोन डोंगर चढून यावी. आणि तेव्हाच जुना गायक आला. आजोबांचं श्राद्ध होतं म्हणून पुण्याहून आला होता. श्राद्धाचं जेवून, वड्यांची पुडी घेऊन, सरळ आमच्या गोडाऊनला.

फार सभ्य मुलगा. बूट जिन्याखाली काढले, मला वाकून नमस्कार केला. झालेली गाणी डोळे मिटून ऐकली आणि म्हणाला, "फार रॉ आहे. चांगल्या अर्थाने."

मग वाईट अर्थ आला. तो म्हणाला की त्याने आता पुण्यात गाणं शिकायला घेतलंय. ही गाणी त्याने पुन्हा म्हटली तर अल्बमला एक चेहरा मिळेल. काकांचा आवाज मधेमधे ठेवता येईल, लोकसंगीताचा रंग म्हणून. 'काका' म्हणजे शाहीर, जो तिथेच उभा होता. ड्रमवाला मोबाइलकडे बघू लागला. कीबोर्डवाला वडा खात होता. भाऊ मान खाजवायला लागला. तो मान खाजवायला लागला की त्याचं मत बदलत असतं, लहानपणापासून.

शाहीर म्हणाला, "बसा की समोर. शेवटचं गानं दोघं म्हनू. ज्याचं बसंल त्याचं."

फडातलीच रीत ती. जुना गायक वराच्या खुर्चीत बसला. आधी त्याने म्हटलं. खोटं कशाला बोलू, छान म्हटलं. घासून पालथ्या घातलेल्या भांड्यांसारखं स्वच्छ. डोळे शेवटपर्यंत मिटलेले. मग शाहीर माईकपुढे गेला आणि थांबला. वाट बघत होता. समोरच्याने आता काहीतरी टाकायला हवं होतं.

समोरच्याने हात छातीवर ठेवला. "काका, काय आवाज आहे तुमचा! खरंच आदर वाटतो. बिनधास्त गा."

शाहिराने माझ्याकडे पाहिलं. मी बोलले, केसांचं बोलले, म्हशीचं बोलले, काही उपयोग नाही. फडात समोर बसलेल्याचंच घेतात, कडेचं कोणी बोललं तर ते धरत नाहीत. तो गायला. आवाज अर्धा जिना चढला आणि पहिल्या दिवशी बसला होता त्याच पायरीवर बसला. शेवटचा सूर तर आलाच नाही. आणि या मुलाने टाळ्या वाजवल्या. "छान! खूपच छान!"

मी आयुष्यात पुष्कळ अपमान पाहिलेत, लग्नघरांत माझा रोजचा वावर आहे. पण टाळ्या वाजवून कोणाची इतकी नीट वाट लावलेली पाहिली नव्हती.

शाहिराने हेडफोन काढून खुर्चीवर ठेवला. "गाडी लावायची हाय," म्हणाला आणि खाली गेला. पाळी सुटायला अजून वेळ होता. भाऊ माझ्याकडे न बघता म्हणाला, "ताई, उद्यापासून हाच म्हणेल. दोन दिवसांत उरकतो. तुला गोडाऊन हवंच आहे ना?"

हवंच होतं. पण मी खालच्या दुकानात येऊन बसले आणि माझ्या लक्षात आलं की जुना गायक सगळंच पुन्हा म्हणणार, म्हणजे मी घातलेले सगळे टोमणे पाण्यात. मला माल वाया घालवायची सवय नाही. मी बाहेर बसपाशी गेले. शाहीर ड्रायव्हरच्या जागेवर बसला होता, इंजिन बंद.

"तुमच्या त्या शक्तीवाल्याला फोन करा," मी म्हटलं.

"मी?" तो ताठ झाला. "मी का करू? त्यानं करावा."

"त्याला तुम्ही गाताय हे माहीत तरी आहे का?"

"नाय माहीत तर नाय. मी सांगनार नाय."

अशा माणसांशी वाद घालायचा नसतो. आम्ही पूर्वी शक्तीवाल्याच्या गावच्या उत्सवाला मंडप दिला होता. माझ्या फोनमध्ये प्रत्येक गिऱ्हाइकाच्या पुढे एक शेरा असतो. शक्तीवाल्याच्या पुढे होता, 'वेळेवर येत नाही, तोंड सांभाळून'. फोन सुनेने उचलला आणि नेऊन दिला.

"कोन? तुरेवाला? जिता हाय अजून?"

"जिवंत आहेत. गातात."

"समोर कोन?"

"कोणी नाही. आज बेसूर गायले."

पलीकडे टीव्ही चालू होता, तो बंद झाल्याचं ऐकू आलं. "बेसूर? तो?" मग खुर्ची सरकली. "बाई, उद्या कवा गातो तेवढं सांगा."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी शाहिराला वर बोलावलं, बुटांचं निमित्त करून. जुना गायक हेडफोन लावून तयार होता. मी त्याला म्हटलं, पाच मिनिटं थांब बाळा, आणि उठ जरा खुर्चीवरून. वराच्या खुर्चीत मी माझा फोन उभा केला, पाठीशी उशी देऊन, आणि मंडपातला लहान स्पीकर त्याला जोडला. भाऊ "ताई, हे काय?" म्हणेपर्यंत शक्तीवाल्याचा आवाज गोडाऊनभर पसरला.

"काय रे तुरेवाल्या! ऐकलं ते खरं का? नरडं पुरंना म्हनून आता इजेची गिटार लावून गातोस?"

 शाहिराने शर्टाचं वरचं बटण लावलं. रुमालाने तोंड पुसलं. माईकसमोर गेला, फोनकडे तोंड करून.

"ऐकतोस का रं? का गुडघ्यासंगं कान बी गेलं?"

"ऐकतोय. पन ऐकन्याजोगं हाय का काय?"

"लाव रे," शाहीर भावाला म्हणाला. माझ्या भावाला आयुष्यात कोणी असं 'लाव रे' म्हटलं नसेल. त्याने लावलं.

ते गाणं मी नंतर पुष्कळदा ऐकलं आहे आणि अजूनही त्यातल्या गरुडाचं काय होतं ते मला सांगता येणार नाही. मला फक्त शेवट सांगता येईल. शेवटचा सूर चढला, आणि चढून तिथे बसला नाही, उभा राहिला. खालून गिटार आली, एक डोंगर, दुसरा डोंगर, ती दमून परत गेली, आणि सूर तसाच. रस्त्यावर कोणीतरी गाडी थांबवली. जिन्यात पावलं वाजली, शेजारची बाई आली, काय झालं विचारायला, आणि तशीच उंबऱ्यात थांबली.

मग सूर संपला. सगळे फोनकडे बघत होते. फोन काहीच बोलेना. मला वाटलं रेंज गेली.

"हं," फोन म्हणाला. "सूर खालीच होता."

शाहीर हसला. त्याला हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं, दात रंगवायचे राहिले होते. त्याने फोनला भरपूर शिव्या दिल्या, फोननेही दिल्या, आणि दोघे एकमेकांच्या गुडघ्यांवर बोलत बसले ते पाळी सुटायची वेळ होईपर्यंत.

भावाने मान खाजवली नाही. जुन्या गायकाकडे वळून म्हणाला, "तू मागे कोरस देशील का?" त्या मुलाने दिला. सुरात दिला, डोळे मिटून, आणि जाताना सगळ्यांना नमस्कार केला. मागे 'विजय, विजय' असं जे ऐकू येतं ते त्याचं.

गाद्या घटस्थापनेच्या आदल्या दिवशी जागेवर आल्या. लाल सतरंजी धुतली, तरी एका कोपऱ्यात बुटाचा ठसा राहिला. तो भाग मी देवीच्या मागच्या बाजूला घालायला सांगते.

अल्बम दिवाळीनंतर इंटरनेटवर आला. मुखपृष्ठावर सवचे आजोबा आहेत, कारण त्यांना कापलं तर कीबोर्डवाला अर्धा जात होता. शेवटचं गाणं संपल्यावर थोडा वेळ काही नाही, आणि मग एक म्हातारा आवाज म्हणतो, "हं. सूर खालीच होता." भावाने ते ठेवलं. ऐकणारे फार नाहीत. मेटल ऐकणाऱ्यांना तो तमाशा वाटतो आणि शक्ती-तुरा ऐकणाऱ्यांना अपघात. पहिल्याच आठवड्यात खाली कोणीतरी लिहिलं, 'घाटात ब्रेक फेल झालेल्या बसचा हॉर्न.'

भावाचा चेहरा पडला. म्हणाला, शाहिराला दाखवू नको, पहिला गायक असाच गेला होता. मी दाखवलं. दुपारी बस खाली उभी होती, तो डबा खात होता. त्याने चष्मा लावला, एक एक अक्षर वाचलं, पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग डबा बाजूला ठेवला आणि शर्टाचं वरचं बटण लावलं.

"ताई," तो म्हणाला, "ह्याचं गाव कुठलं?"